अतिदक्षता विभागातून परतलेला रुग्ण : कोविडमधील उपद्रव आणि व्यापद

‘उपद्रव’ आणि ‘व्यापद’ हे दोन शब्द आपण सर्वजण पदवी अभ्यासक्रमात शिकलो आहोत. परीक्षेत ते अचूक लिहिले, आणि पुढे व्यवहारात मात्र बहुधा एकाच्या जागी दुसरा वापरीत आलो. चरकसंहितेत हे दोन विषय निरनिराळ्या ठिकाणी आले आहेत. मूळ व्याधीच्या पश्चात उत्पन्न होणारा आणि त्याच व्याधीच्या आश्रयाने राहणारा तो उपद्रव, हा विचार चिकित्सास्थानातील विसर्पाच्या अध्यायात आहे. वमन, विरेचन, बस्ती आदी कर्मांमुळे रुग्णास जे अपाय संभवतात त्या व्यापदांचा विचार सिद्धिस्थानात स्वतंत्र अध्याय योजून केला आहे. पहिले रोगाचे देणे, दुसरे उपचाराचे. कोविड-१९ मुळे अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या रुग्णांत ही दोन्ही देणी एकाच शरीरावर, एकाच पंधरवड्यात येऊन पडली. त्यांतील कोणते कोठून आले हे ओळखल्याविना पुढील चिकित्सा करणे किती जोखमीचे आहे, हे दाखविण्यासाठी प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचे घोषित केले. तेव्हा हा विषय आता कशाला, असे कोणी म्हणेल. साथ ओसरली तरी अतिदक्षता विभाग ओस पडलेले नाहीत. डेंग्यू, स्वाइन फ्लू, न्यूमोनिया, सेप्सिस यांतून वाचलेला रुग्ण आजही थकवा, खोकला, अंगदुखी घेऊन आपल्या चिकित्सालयाची पायरी चढतो, आणि पुढील वर्णनातील बहुतेक गोष्टी त्यालाही लागू पडतात. कोविडने त्या इतक्या मोठ्या संख्येने आणि इतक्या अल्पकाळात दाखविल्या, की डोळेझाक करणे अशक्य झाले.

प्रथम आमच्या हातून घडता घडता राहिलेली चूक सांगतो. मे २०२१ मध्ये ५४ वर्षांचे एक शिक्षक आमच्याकडे आले. अकरा दिवस अतिदक्षता विभागात होते, घरी येऊन नऊ दिवस झाले होते. अतिशय कृश, चालताना पाय लटपटतात, डाव्या पोटरीत ठणका. धातुक्षयजन्य वातप्रकोप असे निदान करून आम्ही दोन्ही पायांस बलातेलाचा अभ्यंग व नाडीस्वेद लिहून दिला. रुग्णालयाचे कार्ड घरी राहिले होते; ते आणावयास आम्ही सांगितले नाही. मुलगा तेल घेण्यास ज्या औषधी दुकानात गेला, तेथील वयोवृद्ध मालकांनी सहज विचारले, ‘‘वडिलांना सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?’’ रक्त पातळ करणारी एक गोळी महिनाभर घ्यावयास सांगितली होती, पण हिरडीतून रक्त आले म्हणून चौथ्या दिवशीच बंद केली, असे मुलाने सांगितले. मालकांनी तेल दिले नाही. आम्हांस दूरध्वनी केला आणि एवढेच विचारले, ‘‘वैद्यराज, सूज एकाच पायाला आहे का?’’ आम्ही मोजली नव्हती. रुग्णास परत बोलावून मोजली, तेव्हा डाव्या पोटरीचा घेर उजवीहून साडेतीन सेंटिमीटर अधिक भरला. त्याच सायंकाळी केलेल्या डॉपलर तपासणीत खोल शिरेत गुठळी आढळली.

त्या पोटरीवर दोन दिवस मर्दन झाले असते तर ती गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनीत जाण्याची शक्यता होती. वेदना वाताची, चिकित्सा अभ्यंगाची, आणि परिणाम मृत्यू; असा तो प्रसंग होता.

रक्ताची गुठळी

रक्त वाहिनीत गोठण्यास तीन कारणे लागतात, असे विकृतिशास्त्रात रुडॉल्फ विर्चो यांच्या नावाने सांगितले जाते : वाहिनीच्या अंतःस्तरास इजा, प्रवाहाची मंदता, आणि रक्ताची गोठण्याकडे वाढलेली प्रवृत्ती. तीव्र कोविडमध्ये तिन्ही एकत्र आली. विषाणू व त्याने चेतविलेला शोथ यांमुळे अंतःस्तर बिघडला, भूल व अचलत्व यांमुळे प्रवाह मंदावला, आणि शोथामुळेच रक्त घट्ट होऊ लागले. त्यात गळ्याच्या वा जांघेच्या शिरेत घातलेल्या नळ्यांची भर पडली. नेदरलँड्समधील तीन रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतील १८४ रुग्णांचा अहवाल एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. या सर्वांस गुठळी होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध दिले जात होते. तरीही ३१ टक्के रुग्णांत गुठळीचे उपद्रव नोंदले गेले, आणि त्यांत फुप्फुस-धमनीच्या गुठळीचे प्रमाण सर्वांत मोठे होते.

रुग्णालयातून सोडल्याबरोबर हा धोका संपत नाही, म्हणून काही रुग्णांस पुढे काही आठवडे रक्त गोठू न देणारी गोळी दिली गेली. अशा रुग्णास लसूण, गुग्गुळ, हळदीचा घन अर्क यांसारखी द्रव्ये औषधी मात्रेत देताना रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते, हे ध्यानी ठेवावे. स्वयंपाकातील हळद-लसणीविषयी आम्ही बोलत नाही. दुकानात कॅप्सूलच्या रूपाने विकल्या जाणाऱ्या संहत अर्कांविषयी बोलतो. ते ‘निसर्गोपचार’ म्हणून रुग्ण स्वतःच विकत घेतो आणि वैद्यास सांगतही नाही.

एका पायाची सूज, एकाएकी वाढलेला श्वास, श्वास घेताना छातीत टोचणे, थुंकीत रक्त, अकारण वेगवान नाडी. यांपैकी काहीही आढळल्यास अभ्यंग, स्वेदन वा औषधयोजना न करता रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

श्वसनयंत्राने जीव वाचविला, आणि काय मागे ठेविले

कोविडच्या गंभीर रुग्णाची फुप्फुसे शोथाने व स्रावाने भरून जड होतात. प्राणवायू रक्तात शिरेनासा होतो. या अवस्थेस आधुनिक वैद्यक एआरडीएस म्हणते. व्हेंटिलेटर श्वासाचे काम करतो, परंतु हवेचा दाब व आकारमान अधिक झाल्यास तो स्वतःच फुप्फुसास इजा करतो. ही गोष्ट कोविडपूर्वीच सिद्ध झाली होती. अमेरिकेतील सन २००० च्या मोठ्या चाचणीत प्रत्येक श्वासास शरीरभाराच्या अनुमानाने किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर हवा दिली असता मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. औषध तेच, यंत्र तेच. केवळ मात्रा निम्मी केली. मात्रेचा असा महिमा आपल्या शास्त्रास अपरिचित नाही.

पुढे २०१३ मध्ये फ्रान्समधील चाचणीने गंभीर रुग्णास दिवसातून सोळा तासांहून अधिक काळ पालथे निजविण्याचा लाभ दाखविला. अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू सुमारे ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. कोविडमध्ये हा उपाय जगभर वापरला गेला. परंतु बेशुद्ध माणूस सोळा तास पालथा असता खांद्यापासून हाताकडे जाणाऱ्या नाड्यांवर ताण पडतो, गाल, हनुवटी व छातीवर दाबव्रण होतात. घरी आल्यावर ‘एक हात उचलत नाही’ म्हणणाऱ्या रुग्णास आपण अवबाहुक समजून नस्य-स्वेदन आरंभितो. त्याला इतकेच विचारावे, की रुग्णालयात तुम्हांस पालथे निजविले होते काय? मूळ कारण कळले की रुग्णासही धीर येतो, आणि नाडीची इजा असल्यास तज्ज्ञाकडे वेळीच पाठविता येते.

दाबामुळे अथवा जीर्ण झालेल्या फुप्फुसाचा पडदा फाटून छातीच्या पोकळीत हवा शिरणे, हाही उपद्रव या रुग्णांत घडला. ज्याच्या कार्डावर ‘न्यूमोथोरॅक्स’ हा शब्द आहे, त्याला भस्त्रिका वा कपालभाती शिकविण्याची घाई करू नये. सौम्य श्वसन व चालणे पुरे. फुप्फुस-क्षमता पाहण्यास मोठे साधन लागत नाही. बोटास लावावयाचे प्राणवायूमापक आता प्रत्येक दुकानात मिळते. बसलेल्या स्थितीत एकदा व सहा मिनिटे चालल्यावर एकदा पाहावे. चालून आकडा चार अंकांनी वा अधिक घसरत असेल, तर केवळ अशक्तपणा समजून रसायन देत राहणे योग्य नाही.

व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या फुप्फुसात व रक्तात नव्या जिवाणूंचा संसर्ग होणे ही दुसरी मोठी आपत्ती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या जाळ्यातील दहा रुग्णालयांत २०२० मध्ये दाखल झालेल्या सतरा हजारांहून अधिक कोविड रुग्णांचा आढावा घेतला गेला. दुय्यम जंतुसंसर्ग सुमारे ३.६ टक्के रुग्णांतच आढळला, मात्र ज्यांना तो झाला त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले. बहुतेक जंतू नित्याच्या प्रतिजैविकांना दाद न देणारे होते.

कंठ

श्वासनलिकेत नळी दीर्घकाळ राहिली की कंठाचे स्नायू शिथिल होतात व गिळण्याचा क्रम बिघडतो. अन्न-पाणी नकळत श्वासमार्गात जाते. येथे आपल्या नेहमीच्या समजुतीच्या उलट घडते. दुर्बळास पातळ, हलके द्यावे या न्यायाने आपण काढा, पेया, पाणी देतो. आणि अशा रुग्णास पातळ पदार्थच अधिक घातक ठरतो, कारण तो वेगाने घशात उतरतो व आवरता येत नाही. घोटभर पाणी दिल्यावर खोकला येणे, आवाज ओलसर-घरघरता होणे, जेवण लांबणे, वारंवार ज्वर येणे ही खूण समजावी. संसर्जनक्रमाचे तत्त्व अशा रुग्णास फार उपयोगी आहे, मात्र आरंभ पेयेऐवजी दाट विलेपीपासून, ताठ बसवून, लहान घासाने करावा आणि गिळण्याच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. काढ्याची बाटली हाती देताना औषधविक्रेत्यांनीही ‘ठसका लागतो का?’ एवढे विचारावे.

याच नळीचा दुसरा मागोवा अधिक फसवा आहे. नळीच्या दाबाने श्वासनलिकेच्या आतील त्वचेस व्रण पडतो, तो भरताना आकुंचतो आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, नलिका अरुंद होते. रुग्ण श्वास व आवाजाची तक्रार घेऊन येतो. तमकश्वास समजून त्यास वासावलेह, श्वासकुठार दिला जातो, बाहेरील पंपही दिला जातो. उतार पडत नाही. भेद कानाने होतो. तमकश्वासातील सूं-सूं प्रामुख्याने श्वास सोडताना छातीवर ऐकू येते. या रुग्णात श्वास आत ओढताना गळ्यापाशी कर्कश ध्वनी येतो. व्हेंटिलेटरचा इतिहास आणि हा ध्वनी एकत्र दिसल्यास विलंब न करता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. नलिका जितकी अरुंद, तितका वेळ कमी.

मांसधातूचा ऱ्हास

लंडनमधील रुग्णालयांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या मांडीच्या पुढील स्नायूचा आडवा छेद दहा दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हे कोविडपूर्वीचे निरीक्षण आहे. कोविडमध्ये त्यात स्टेरॉइड, स्नायू शिथिल करणारी औषधे आणि दीर्घ शय्यावास यांची भर पडली. टोरांटोच्या संशोधकांनी एआरडीएसमधून वाचलेल्यांचा पाच वर्षे पाठपुरावा केला. फुप्फुसांच्या चाचण्या जवळजवळ पूर्ववत झाल्यावरही सहा मिनिटांतील चाल अपेक्षेच्या तीन-चतुर्थांशच राहिली. श्वास सुधारला, चाल सुधारली नाही. यात रुग्णाचा आळस नाही, आणि आम्ही स्वतः पूर्वी काही रुग्णांना ‘मन घट्ट करा’ असे म्हणत असू, त्याची आज खंत वाटते.

हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठता येते काय, ही साधी कसोटी प्रत्येक भेटीत नोंदवावी. मांसधातूच्या पोषणासाठी प्रथिनयुक्त आहार व क्रमाने वाढविलेला व्यायाम यांस पर्याय नाही. मुगाचे कढण, दूध, अंडी, मांसाहार करणाऱ्यांस मांसरस हे अग्नी पाहून द्यावे. बलातेल, अश्वगंधा, क्षीरबस्ती यांचा क्रम त्यानंतरचा. येथे शोधनाची घाई करणारेही वैद्य आम्ही पाहिले आहेत. ‘शरीरात औषधांचे विष साठले आहे’ असे सांगून पंधरा दिवसांपूर्वी व्हेंटिलेटरवरून उतरलेल्या माणसास विरेचन देणे, हे सिद्धिस्थान वाचलेल्यास शोभणारे नाही. दुर्बळ व क्षीण पुरुष शोधनास अयोग्य, हे आपल्या सर्वांस पाठ आहे.

स्टेरॉइडची तीन देणी

डेक्सामेथासोनविषयी आपल्या वर्तुळात बोलताना अनेकदा केवळ दोष सांगितले जातात, म्हणून प्रथम गुण सांगणे न्याय्य होईल. इंग्लंडमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष जून २०२० मध्ये जाहीर झाला. दररोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, या मात्रेने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना मात्र लाभ झाला नाही. भारतातील दुसऱ्या लाटेत हे दुसरे वाक्य विसरले गेले. घरी बसलेल्या सौम्य रुग्णांनी स्टेरॉइड घेतले, अनेकांना मात्रा अधिक दिली गेली, कित्येकांनी आठवडेच्या आठवडे ती चालू ठेवली.

पहिले देणे रक्तशर्करेचे. पूर्वी मधुमेह नसलेल्यांतही ती वाढली. मधुमेह, स्टेरॉइड आणि खुद्द विषाणू यांच्या संगतीने म्युकरमायकोसिस आला, ज्याला लोक काळी बुरशी म्हणू लागले. २८ जून २०२१ रोजी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी दिलेल्या माहितीनुसार देशात ४०,८४५ रुग्ण नोंदले गेले होते, ३,१२९ मृत्यू झाले होते, आणि सुमारे ६४ टक्के रुग्ण मधुमेही होते. रुग्णसंख्येत महाराष्ट्र व गुजरात अग्रभागी होते. नाकाची एकच बाजू चोंदणे, तपकिरी-काळपट स्राव, गालाचा बधिरपणा वा वेदना, दात हलू लागणे, डोळा सुजणे, दुहेरी दिसणे. या खुणा आता सर्वपरिचित आहेत. तथापि आमच्या माहितीतील एका रुग्णास ‘प्रतिश्याय’ म्हणून आठ दिवस अणुतैलाचे नस्य चालू होते. प्रतिमर्श नस्य हा आपल्या घरोघरचा उपाय झाला असल्याने त्याचा निषेध करण्याचे कारण नाही. अतिदक्षता विभागातून आलेल्या, शर्करा वाढलेल्या रुग्णाचे नाक एका बाजूने चोंदले असेल, तर मात्र नस्य हा उपचार राहत नाही. तो विलंब ठरतो. आणि या बुरशीत विलंबाची किंमत डोळा, टाळू वा प्राण अशी असते.

शर्करेचा प्रश्न औषधी दुकानांशी निगडित आहे. सितोपलादी चूर्णाचे प्रमाण आठवा : सितोपला १६, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १ भाग. एकतीस भागांत सोळा भाग खडीसाखर. त्यावर मधाचे अनुपान. च्यवनप्राश, वासावलेह, बहुतेक खोकल्याची पाके यांत साखर वा गूळ मोठ्या प्रमाणात. आसव-अरिष्टांत गुळासह संधानाने उत्पन्न झालेले मद्य. साथीच्या काळात ‘प्रतिकारशक्तीसाठी’ यांचा खप अतोनात वाढला. व्यवसाय म्हणून ते साहजिक आहे. मात्र ज्याच्या हातात इन्सुलिनची चिठ्ठी आहे त्याला च्यवनप्राशाचा मोठा डबा न विकण्याचे धैर्य दुकानदारांनी ठेवावे, एवढी आमची विनंती आहे.

दुसरे देणे उशिरा प्रकट होते. तीन आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइड घेतल्यावर ते एकदम थांबविले, तर अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे संप्रेरक तत्काळ निर्माण करू शकत नाही. रुग्णास मळमळ, ग्लानी, उभे राहताच भोवळ, रक्तदाब घटणे असे होते. ‘आमच्याकडे आलात, आता सर्व ॲलोपॅथी बंद’ हे वाक्य या एका कारणासाठी तरी आपल्या तोंडी येऊ नये. मात्रा कमी करावयाची असल्यास ती ज्यांनी सुरू केली त्यांच्याशी बोलूनच कमी व्हावी. अशा रुग्णास यष्टिमधूही जपून द्यावे. मोठ्या मात्रेत व दीर्घकाळ घेतल्यास ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते, रक्तदाब वाढविते व पोटॅशियम घटविते, आणि स्टेरॉइड वा मूत्रल औषध चालू असल्यास हा परिणाम दुणावतो.

तिसरे देणे अस्थिधातूचे. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी २०२१ मध्ये कोविडनंतर मांडीच्या हाडाच्या गोलकाचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो मृत होऊ लागल्याचे तीन रुग्ण नोंदविले. तिघेही चाळिशीच्या आतील. कोविडनंतर सरासरी ५८ दिवसांनी त्यांचे दुखणे सुरू झाले. जांघेत दुखते, मांडी घालून बसता येत नाही, चालताना लंगडतो, असा तरुण रुग्ण आपल्याकडे गृध्रसी वा आमवात म्हणून येतो. साधा एक्स-रे आरंभी निर्दोष दिसू शकतो. एमआरआय करून घ्यावा. लवकर ओळखल्यास सांधा वाचविण्यास वाव राहतो.

वृक्क व यकृत

तीव्र कोविडमध्ये वृक्कांस इजा झालेल्या रुग्णांची संख्या मोठी होती. ब्रिटनमधील पहिल्या लाटेत अतिदक्षता विभागातील सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांस कृत्रिम रक्तशुद्धी लागली. अशा रुग्णाची वृक्के पूर्ववत झाली असे क्रिएटिनीन पाहिल्याविना गृहीत धरू नये. पारद, नाग, मनःशिला यांचे कल्प अशा अवस्थेत देणे आम्ही टाळतो. वर उल्लेखिलेल्या श्वासकुठारात पारद व मनःशिला आहेत, शिवाय वत्सनाभ आहे. आणि कोविडने हृदयाच्या स्नायूंसही शोथ झालेला असू शकतो, हृदयगती अनियमित असू शकते. औषध व प्रसाधन कायद्याच्या ‘ई-१’ परिशिष्टातील द्रव्ये असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना छापली जाते, वाचली क्वचित जाते.

गुळवेलीविषयी २०२१ मध्ये मोठा वाद झाला. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृतशोथ आढळल्याचे नोंदविले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख नीट पटविली नसल्याचा आक्षेप घेतला, कारण गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जातही बाजारात येते. वादाचा निवाडा आम्ही करू इच्छीत नाही. आक्षेप खरा मानला तरी तो औषधी दुकानाच्या दाराशीच येऊन थांबतो : आपण विकतो ती वेल कोणती? आणि रेमडेसिविर, बुरशीनाशके, प्रतिजैविके यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या यकृतावर कोणतेही औषध लादण्यापूर्वी एकदा यकृताची रक्तचाचणी पाहण्यास काय हरकत आहे?

मनोवह स्रोतस्

चौदा देशांतील दोन हजारांहून अधिक गंभीर कोविड रुग्णांच्या अभ्यासात निम्म्याहून थोड्या अधिकांना डिलिरियम, म्हणजे भ्रम-प्रलापाची अवस्था, आल्याचे दिसले. झोपेच्या विशिष्ट औषधांनी ती वाढली. नातेवाइकांची भेट, मग ती दूरध्वनीच्या पडद्यावर का होईना, झालेल्यांत ती कमी आढळली. त्या काळात नातेवाईक दाराबाहेर होते आणि आत सर्व चेहरे झाकलेले होते. परतलेल्या रुग्णांची दुःस्वप्ने, विसराळूपणा, एकाएकी दचकणे हे यातून येते. रुग्ण ते आपण होऊन सांगत नाही. वेड लागल्याचे घरी समजतील अशी भीती असते. शेजारी बसून, घरच्यांना क्षणभर बाहेर पाठवून विचारावे लागते.

कार्ड

म्हणून आम्ही आता रुग्णालयाचे कार्ड पाहिल्याविना औषध लिहीत नाही. कार्ड घरी असेल तर त्याचे छायाचित्र मागवितो. त्यातून किती दिवस व्हेंटिलेटर, पालथे निजविले होते काय, कोणते स्टेरॉइड व किती दिवस, शेवटचे क्रिएटिनीन व शर्करा, रक्त पातळ करणारे औषध कधीपर्यंत, एवढे आमच्या रुग्णपत्रिकेच्या पहिल्या पानावर उतरवून घेतो. या कामास दहा मिनिटे लागतात, आणि गर्दीच्या दिवशी ती फार वाटतात. औषधविक्रेत्यांनी चालू गोळ्यांचा एक प्रश्न विचारावा, आणि शंका आल्यास वैद्यास दूरध्वनी करण्यात संकोच बाळगू नये. आम्हांस तो दूरध्वनी आला तेव्हा क्षणभर राग आला होता, हे येथे मान्य करतो.

ते शिक्षक पुढे तीन महिने रक्त पातळ करणारी गोळी नियमित घेत राहिले. डॉपलर पुन्हा केले, त्यांच्या डॉक्टरांशी बोललो, आणि त्यानंतरच अभ्यंग सुरू केला. बलातेलाची बाटली मुलाने त्याच दुकानातून आणली.